कोपर वाकलं होतं

इकडं ये. दाराशी घुटमळू नकोस, आत ये आणि तो मोबाइल टेबलावर ठेव. पालथा नको, उताणा ठेव. मलाही तुझं स्टेटस वाचू दे.

‘टॅलेंटला किंमत नाही, सगळं राजकारण!’ वा रे पठ्ठ्या. पुढं सिंहाचं तोंड, दोन जळत्या ज्वाला आणि तुझा बार उचलतानाचा व्हिडिओ. वेटलिफ्टिंगची जिल्हा स्पर्धा संपून संध्याकाळ झाली नव्हती तोवर अर्ध्या करमाडनं हे बघितलं. सकाळी एसटी स्टँडवर दोघांनी मला थांबवून विचारलं, सर, पोरावर अन्याय झाला म्हणे? मी त्यांना काय सांगितलं ते तुला सांगत नाही. तुला जे सांगायचं ते आता सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

आधी पट्ट्याचं. मंचावरून उतरताना तू कमरेचा पट्टा काढून भिंतीवर भिरकावलास. तो पट्टा तुझ्या बापानं विकत घेतला नव्हता, शाळेचा आहे. तो आणायला किती अर्ज करावे लागले हे तुला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. उद्या तो पुसून, तेल लावून परत दे. पट्ट्याचा विषय संपला.

आता तुझं राजकारण. स्नॅचला तीन संधी मिळतात. तुझ्या तिन्ही वाया गेल्या. पहिल्या दोन वेळेला बार तुझ्या डोक्यामागं धाडकन पडला. त्यात राजकारण कुणाचं? पृथ्वीचं? तिसऱ्या वेळेला बार वर गेला, तू उठून उभाही राहिलास, आणि दिवे लाल लागले. तीन पंच असतात. एक समोर, दोन बाजूंना. दोघांनी लाल दाबलं तरी लिफ्ट बाद होते, तुला तिघांनी दाबलं. तीन जागांवर बसलेल्या, एकमेकांशी न बोलणाऱ्या तीन माणसांना एकच गोष्ट दिसली. तुझं उजवं कोपर वाकलं होतं. बार डोक्यावर गेला तेव्हा हात सरळ नव्हता. नंतर तू तो जोर लावून सरळ केलास. स्नॅचमध्ये बार एका दमात, सरळ हातांवर यायला पाहिजे, वर गेल्यावर दाबून नीट करायचा नाही. याला प्रेस-आउट म्हणतात. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलंय आणि तू वहीत उतरवून घेतलंयस.

आणि गंमत बघ, ज्या व्हिडिओवर तू ‘अन्याय’ लिहिलंस, त्यातच ते कोपर दिसतंय. थांब, सावकाश करून लावतो. हे बघ. डावा हात खाट्कन लॉक झाला. उजवा… हा इथं. दिसलं? वाकलं, थरथरलं, मग सरळ झालं. हे दाखवून तू गावाची सहानुभूती गोळा केलीस. पंचांनी काही चुकीचं केलं नाही. चूक तुझ्या कोपराची होती, आणि कोपराच्या आधी डोक्याची.

डोक्याची कशी ते ऐक. सरावात ६२ किलोची स्नॅच तू एकदा केलीस. एकदाच. तीही बार डोक्यावर धरून मंचभर धावत. मी तुला बजावलं होतं, सुरुवात ५५ नं करायची. वजन मोजायच्या वेळेला कागदावर ५५ लिहिलंही होतं. मी चहा प्यायला गेलो तेवढ्यात तू खाडाखोड करून ६५ केलंस. का? तर बाजूचा पोरगा ६० नं सुरू करणार असं कानावर आलं. म्हणजे जे वजन तू जन्मात कधी उचललेलं नाहीस, ते तू पहिल्या संधीला मागितलंस. आणि एकदा बारवर ६५ चढले की ते खाली येत नाहीत. वजन वाढवता येतं, कमी करता येत नाही. मग तिन्ही संधी तू त्याच ६५ वर घालवल्यास. स्नॅचला शून्य, म्हणून दोन्ही प्रकारांची बेरीज नाही, म्हणून दुसऱ्या प्रकारात, क्लीन अँड जर्कला, तू हत्ती उचलला असतास तरी निकालात नाव नसतं. तिसरा आलेल्या पोराची बेरीज बघितलीस? तू इथं शाळेच्या पडवीत रोज जेवढं उचलतोस, त्यापेक्षा ती कमी आहे. पदक तुझ्या खिशात होतं. ते तू स्वतःच्या हातानं काढून फेकलंस, आणि आता चोर शोधतोयस.

तुझ्या खोलीच्या भिंतीवर संकेत सरगरचा फोटो आहे. गळ्यात पदक, हात झोळीत. फोटो चांगला चिकटवलास. त्याच्याबद्दल माहीत काय आहे तुला? ‘सर, कॉमनवेल्थचं सिल्व्हर.’ बस्स? एवढंच?

ऐक मग. संकेत महादेव सरगर, सांगलीचा. १६ ऑक्टोबर २००० चा जन्म. वडिलांची पानाची टपरी आणि चहाचा गाडा. हा पोरगा दुकानात हातभार लावायचा, शाळा-कॉलेज करायचा आणि व्यायामशाळेत जायचा. सांगलीतच सिंहासने यांच्याकडं शिकला. २०२० मध्ये खेलो इंडियाच्या युवा स्पर्धेत पहिला आला, त्याच वर्षी विद्यापीठांच्या स्पर्धेतही पहिला. डिसेंबर २०२१ मध्ये ताश्कंदला ५५ किलो गटात ११३ किलोची स्नॅच करून त्यानं राष्ट्रीय विक्रम केला. आता पुढचे आकडे वहीत लिहून घे, कारण तुझा सगळा माज याच आकड्यांत उतरणार आहे.

फेब्रुवारी २०२२, सिंगापूर. स्नॅच ११३, क्लीन अँड जर्क १४३, बेरीज २५६. सुवर्णपदक. म्हणजे १४३ किलो या माणसाच्या अंगात होते. स्वप्नात नव्हे, अंगात. पाच महिन्यांनी बर्मिंगहॅमला, ३० जुलैला, राष्ट्रकुल स्पर्धेच्या मंचावर तो उभा राहिला. सगळा देश टीव्हीला चिकटलेला, भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलं पदक त्याच्याकडून येणार अशी चर्चा. त्यानं सुरुवात कितीनं केली? ११३ त्याला येत होते. त्यानं मागितले १०७. उचलले. मग १११. उचलले. मग ११३. उचलले. एकेक पायरी, तिन्ही दिवे पांढरे होतील अशा बेतानं. दुसऱ्या नंबरवरचा मलेशियाचा मोहम्मद अनिक १०७ वर अडकला. सहा किलोंची आघाडी.

क्लीन अँड जर्कला १४३ येणाऱ्या माणसानं सुरुवात केली १३५ नं. आठ किलो खाली. आणि तू, ६२ एकदा उचलणारा, सुरू केलंस तीन किलो वर. कळतोय फरक? तो जगासमोर उभा होता तरी त्याला स्वतःचा आकडा माहीत होता. तू जिल्ह्याच्या हॉलमध्ये चाळीस लोकांसमोर उभा राहिलास आणि स्वतःचा आकडा विसरलास.

१३५ झाले. २४८ बेरीज. मग दुसऱ्या संधीला १३९ घेताना उजवं कोपर गेलं. त्याचंही उजवंच. चेहरा बघ त्याचा त्या लिफ्टच्या व्हिडिओत, वेदना कशी असते ते कळेल. तरी तो तिसऱ्यांदा आला आणि पुन्हा १३९ ला हात घातला. नाही जमलं. अनिकनं १४२ उचलून स्पर्धेचा विक्रम केला, त्याची बेरीज २४९. संकेतची २४८. एका किलोनं सुवर्ण गेलं. पाच महिन्यांपूर्वीचीच बेरीज आली असती तर सात किलोंनी जिंकला असता.

आता हे नीट ऐक, कारण इथं माझं मत तुझ्या मित्रांच्या मतासारखं नाही. तिसऱ्यांदा तो मंचावर आला ते फार शूरपणाचं होतं असं सगळे म्हणाले. मला तसं वाटत नाही. एकवीस वर्षांच्या पोराचं कोपर दुखावलंय, पदक नक्की झालंय, त्याला मागं खेचायला हवं होतं. पुढं कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. लिगामेंट म्हणजे काही शर्टाचं बटण नाही, तुटलं की दुसरं लावायला. उद्या तुझं कोपर मंचावर दुखावलं आणि तू ‘सर, एकदा ट्राय करतो’ म्हणालास तर मी तुझी कॉलर धरून खाली ओढीन, हे आताच सांगून ठेवतो. पण त्याच्या त्या हट्टामागं एक गोष्ट होती जी तुझ्याकडं नाही. सुवर्णासाठी आलो होतो, रौप्यावर समाधान नाही, असं तो सरळ बोलला. पंच, मंच, आयोजक यांना त्यानं मध्ये आणलं नाही. झोळीत हात घालून उभा राहिला आणि पदक घेतलं. तोच फोटो तू भिंतीवर लावलास आणि रोज त्याच्यासमोर झोपतोस.

दुसरं तुझं रडगाणं, ‘गावात सोय नाही’. गेल्या आठवड्यात तू हे मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बोललास, मी बाहेर उभा होतो. कुरुंदवाड नाव ऐकलंस का? कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या जवळ. आपल्यासारखंच गाव, चार रस्ते आणि एक बाजार. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिथल्या तिघांनी पदकं आणली. गणेश माळी ५६ किलो गटात, ओंकार ओतारी ६९ मध्ये, चंद्रकांत माळी ९४ मध्ये. तिघांची कांस्यं. एका गावातून, एका स्पर्धेत, तीन. लंडन-पॅरिसची सोय होती का तिथं? बार होता, शिकवणारा होता आणि पोरं पहाटे उठत होती.

ते लांब वाटतं? मग मनमाड घे. आपल्या स्टेशनात थांबणाऱ्या संभाजीनगरकडच्या गाडीत बैस आणि बसून राहा, मनमाड येतं. तिथली आकांक्षा व्यवहारे २०२२ मध्ये मेक्सिकोतल्या लिऑनला जागतिक युवा स्पर्धेत गेली आणि ४० किलो गटात रौप्य घेऊन आली. चाळीस किलो वजनाची पोरगी. मनमाडला पिण्याच्या पाण्याचे किती हाल असतात हे तुझ्या मामाला विचार. नळाला पाणी कधी येईल याची खात्री नसलेल्या गावातून ती गेली. आणि करमाडला काय कमी आहे? जालना रोड दारात, रेल्वे दारात, शेंद्र्याची एमआयडीसी दारात, समृद्धी महामार्ग डोळ्यांसमोर झाला. पंचवीसेक किलोमीटरवर संभाजीनगर, तिथं विद्यापीठाच्या आवारात साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, केंद्र. तिकडं जायला बस आहे, रेल्वे आहे. तू जातोस कुठं? मॉलच्या काचेत दंड बघायला.

शाळेत एक बार आहे, प्लेटा जुन्या आहेत, मंच म्हणजे फळ्यांवर टाकलेली रबरी चटई, हे मलाही दिसतं. मी काही आंधळा नाही. दर वर्षी लिहून देतो. पण ५५ किलो सरळ हातावर धरायला जेवढं लागतं तेवढं सगळं त्या पडवीत आहे.

आणि तो तुझा जर्मन. मला वाटलं होतं हा मुद्दा तू काढणार नाहीस, पण परत येताना गाडीत काढलास. ‘सर, मथियास स्टायनरनंही एकदम दहा किलो वाढवले होते, आणि ऑलिंपिक जिंकला.’ वर मोठ्या ऐटीत व्हिडिओ दाखवलास. शेंद्र्याला ऑडीच्या गाड्या जुळवतात, तुझे काका तिथं कामाला आहेत, जर्मनीशी आपल्या गावाचा संबंध तेवढाच. पण घेऊ, जर्मनही घेऊ. अर्धवट बघितलंस ते पुरं सांगतो.

स्टायनर मूळचा ऑस्ट्रियाचा, व्हिएन्नात १९८२ चा जन्म. अठराव्या वर्षी मधुमेह निघाला, टाइप १, म्हणजे जन्मभर इन्सुलिन. तुला सर्दी झाली तर तू तीन दिवस सरावाला येत नाहीस, म्हणून सांगितलं. २००४ ला अथेन्सला तो ऑस्ट्रियाकडून खेळला आणि सातवा आला. सातव्याचं कुणी स्टेटस ठेवत नाही. पुढं जर्मन मुलीशी लग्न केलं, झुसान तिचं नाव. जुलै २००७ मध्ये मोटार अपघातात ती गेली. २००८ च्या जानेवारीत त्याला जर्मनीचं नागरिकत्व मिळालं आणि ऑगस्टमध्ये तो बीजिंगला १०५ किलोच्या वरच्या गटात उतरला.

आता आकडे. रशियाचा येवगेनी चिगिशेव स्नॅचला २१०. स्टायनर २०३. सात किलो मागं. क्लीन अँड जर्कला पहिल्या संधीत २४६ मागितले, गेले. दुसऱ्या संधीत २४८, आले. बेरीज ४५१. आता इथं थांब. इथं त्याच्या गळ्यात पदक आलं होतं, कारण तिसऱ्या आलेल्या लाटव्हियाच्या श्चेरबातिख्सची बेरीज ४४८ होती. पदक खिशात टाकल्यावर, शेवटच्या संधीला, घालवायला काही उरलं नसताना, त्यानं २५८ मागितले. रशियाचा ४६० वर होता. २५८ आले तर ४६१, एका किलोनं सुवर्ण. नाही आले तरी पदक कुठं जात नव्हतं. आणि आले. त्यानं बार सोडला आणि मंचावर अक्षरशः लोळला. पदक घ्यायला गेला तेव्हा हातात बायकोचा फोटो होता. जग रडलं, तूही रडला असशील.

पण पोरा, त्यानं दहा किलो वाढवले ते शेवटच्या संधीला, हिशेब पुरा करून. तू पहिल्याच संधीला जुगार लावलास, आणि नाव त्याचं घेतोस. त्याच्याकडून शिकायचं तर २४६ चुकल्यावर त्यानं काय केलं ते शीक. लाल दिवे लागले म्हणून त्यानं पट्टा फेकला नाही. दोन किलो वाढवले, परत आला, आधी बेरीज नक्की केली.

त्याच माणसाचं पुढचंही बघ, ते तुझ्या रीलवाल्यांनी दाखवलं नसेल. २०१२, लंडन. स्नॅचला १९६ किलो डोक्यावर घेताना तोल गेला आणि बार त्याच्या मानेवर आला. ऑलिंपिक विजेता, त्या दिवशी स्पर्धेतून बाहेर. पुढच्या वर्षी त्यानं खेळच सोडला. म्हणून मी तुझ्या मागं लागतो की बार टाकायला शीक. मागं गेला तर सोडून पुढं निघायचं, पुढं गेला तर सोडून मागं सरायचं. तू मात्र इज्जत जाईल म्हणून वाकडा बार धरून ठेवतोस. १९६ किलोंनी त्याची इज्जत गेली नाही, तुझी ६५ नं जाणार आहे होय?

मीराबाई चानूचं तर तुला सांगायलाच नको, तिचा फोटो वर्गात आहे. २०१६ ला रिओमध्ये क्लीन अँड जर्कच्या तिन्ही संधी गेल्या, बेरीज नाही. तुझ्यासारखंच, फक्त ऑलिंपिकमध्ये आणि साऱ्या देशासमोर. पुढच्या वर्षी ती विश्वविजेती झाली. टोकियोला २०२ किलो, रौप्य. २०२४ ला पॅरिसला १९९, चौथी. तिसरीची बेरीज २००. पुन्हा तो एक किलो. किराणा दुकानातून आईनं साखर आणायला सांगितली की तू आणतोस ना, तेवढा एक किलो. त्याच्यासाठी ही माणसं चार-चार वर्षं घालवतात. तू तो एक किलो मोजायला तयार नाहीस, तुला एकदम तीन किलोंची उडी पाहिजे.

आता तुझ्या कपाटातल्या डब्याकडं येतो. दचकलास? तुझ्या आईनंच मला सांगितलं. तीन हजारांचा डबा, वरची चिठ्ठी इंग्रजीत, आत काय ते विकणाऱ्यालाही माहीत नाही. जिमवाला म्हणतो, दोन महिन्यांत वजन वाढेल. आणि ‘पुढचा टप्पा’ म्हणून इंजेक्शनबद्दलही कुणीतरी बोललंय, खरं की नाही? खरं असणारच, मान खाली गेली. नीट ऐक. तुझ्या शरीरात जे सापडेल त्याला तू जबाबदार. डबेवाला नाही, जिमवाला नाही, ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. स्टेरॉइड सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला चार वर्षं बंदी. चार वर्षांनी तू बाविशीला येशील आणि शेंद्र्याच्या गेटवर कंत्राटी रांगेत उभा असशील. आपल्या खेळाचं नाव या विषानं इतकं बदनाम झालं की ऑलिंपिकमधून तो हद्दपार होतो की काय अशी वेळ आली होती. २०२८ च्या लॉस एंजलिसला तो आहे हे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पक्कं झालं. इतक्या मोठ्या खेळाची ही गत, आणि तू एका डब्याच्या जिवावर मोठा होणार?

वजन वाढवायचं आहे हे मात्र बरोबर आहे, त्यात तुझं चुकत नाही. ५५ किलोचा गट ऑलिंपिकला नसतो. पॅरिसला पुरुषांचा सगळ्यांत हलका गट ६१ चा होता. २०२५ पासून जागतिक महासंघानं जे नवे गट केले त्यातही सगळ्यांत खालचा ६० चा. म्हणजे संकेतला तो गट धरून ऑलिंपिकचं दार उघडता येत नव्हतं, आणि तुलाही येणार नाही. अंगावर निदान पाच-सहा किलो चढवावे लागतील. ते कशानं? ज्वारीची भाकरी, डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे. रात्री अकराला झोप, मोबाइल बाहेरच्या खोलीत. मला हसू नकोस. तुझी आई पहाटे उठून भाकऱ्या थापते आणि तू त्या ताटात ठेवून बाहेर मंचुरियन खातोस, हेही मला कळतं. या गावात मला सगळं कळतं.

हात पुढं कर. दोन्ही. तळवे वर. बघ, घट्टे कुठं आहेत तुझे? बोटांच्या मुळाशी, जिथं बारच्या खाचा घासतात, तिथं कडक कातडं यायला पाहिजे. आणि अंगठा? अंगठ्याची बाजू सोलून मग कडक व्हायला पाहिजे, कारण अंगठा बारला लावून बोटं त्याच्यावरून आवळायची असतात. दुखतं. सुरुवातीला फार दुखतं. पण तीच पकड खेचताना सुटत नाही. तुझा अंगठा लोण्यासारखा मऊ आहे. म्हणजे मी बघत नसलो की तू अंगठा बाहेर ठेवतोस. मग ६५ ला बार हातात फिरला, उजवीकडं कलला आणि तेच कोपर वाकलं. आता कळलं राजकारण कुठं झालं ते? तुझ्या अंगठ्यात.

मला तुझा राग आलाय तो तू हरलास म्हणून नाही. हरणारी पोरं मी रोज बघतो, हरणं हे या खेळात रोजचं जेवण आहे. राग आलाय तो तुझ्यात आहे ते दिसतं म्हणून. तुझी पाठ सरळ राहते, खाली बसताना टाच उचलत नाही, मांडीत जोर आहे. हे दर पोरात नसतं. नसतं तर मी शाळा सुटल्यावर दोन तास इथं बसलो नसतो, घरी माझीही माणसं आहेत. पण बार उचलायला बसलेल्याची जात, आडनाव, वशिला, स्टेटस बारला कळत नाही. ६५ म्हणजे ६५. तू त्याच्याशी खोटं बोलायला गेलास आणि त्यानं ते डोक्यामागं फेकून दाखवलं.

ऊठ आता. आज रात्री ते स्टेटस काढ आणि त्याच्या जागी दुसरं काही ठेवू नकोस. शहरात गेलास की मुख्य पंचांना भेट आणि स्वतःच्या तोंडानं सांग की सर, कोपर वाकलं होतं. मी बरोबर येणार नाही, एकटा जा. डबा आईसमोर परत कर. उद्यापासून पंधरा दिवस बारला हात लावायचा नाही, फक्त पीव्हीसीचा पाइप. रोज पाइपवर कोपर लॉक, अंगठा आत. मग रिकामा बार. मग ४० किलो, आणि ४० वर उजवं कोपर माझ्या डोळ्यांना सरळ दिसेपर्यंत ४१ नाही. पुढच्या स्पर्धेचा कागद मी भरीन, सुरुवात ५५ ची असेल, आणि त्यावर खाडाखोड दिसली तर तुझं नाव त्याच दिवशी कापीन.

सकाळी सहाला मैदानावर. नसेल यायचं तर आत्ता सांग. शाळेत बार एकच आहे, आणि सातवीतल्या दोन मुली त्याच्यासाठी थांबल्यात.